गृहस्थाची वही : चालतें घर आणि त्याचा विस्तव

वाचकांपैकीं कित्येकांनीं आमचा पत्ता मागितला आहे. ‘वालीव, तालुका वसई, जिल्हा पालघर’ एवढें लिहिल्यास टपाल पोंचतें. घर वाडीच्या कोणत्या कोपऱ्यांत आहे, हें मात्र आम्ही कळवीत नाहीं. कारण गेल्या दोन वर्षांत तें दोनदां जागेवरून उठलें असून येत्या महिन्यांत तिसऱ्यानें उठणार आहे. वाचकांस ही थट्टा वाटेल, पण ती थट्टा नव्हे. आमचें आठ माणसांचें बिऱ्हाड सध्यां दोन लोखंडी खोक्यांत आहे. हीं खोकीं यारीनें उचलतात, पन्नास हात पलीकडे नेऊन ठेवतात, आणि संध्याकाळीं आम्ही पुन्हां त्यांतच पाट मांडून जेवावयास बसतों. या चालत्या घराची डागडुजी करतां करतां जें शिकावयास मिळालें, आणि तें पुरतें शिकण्यापूर्वीं घरावर जो प्रसंग येऊन गेला, तो या महिन्यांत सांगावयाचा आहे. थंडी पडूं लागली आहे. मजकूर वेळेवर वाचकांच्या हातीं पडावा एवढीच इच्छा.

आमचें मूळ घर कौलारू, मातीच्या भिंतींचें, नव्वद वर्षांचें. पूर्वेकडील भिंतीस पोट सुटलें होतें. २०२३ सालच्या दिवाळीनंतर तें उतरवून त्याच वाडींत पक्कें घर बांधावयाचें ठरलें. तोंवर भाड्याच्या जागेंत जावें हा सरळ मार्ग. पण आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, ते ऐंशीच्या घरांत आहेत. विहीर, तुळशीवृंदावन आणि देव सोडून वसईंत कोठें तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहावयास ते मुळींच कबूल होईनात. “मला हलवावयाचें असेल तर एकदांच काय तें हलवा,” असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. यावर कोण काय बोलणार?

तोड काढली ती पुतण्यानें. वालीव हें आतां गांव म्हणावें कीं कारखाना म्हणावा, असा प्रश्न पडतो. एका अंगास तुंगारेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगास मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें गाळ्यांच्या रांगाच रांगा. पाखरांच्या आधीं पत्रा कापण्याचा आवाज कानीं येतो. असल्याच एका गाळ्यांतून पुतण्यानें दोन जुनीं खोकीं विकत आणलीं. एक बांधकामावरील साहेबांच्या कचेरीसाठीं केलेली तयार केबिन, आणि दुसरा अस्सल जहाजी कंटेनर, ज्यास खिडक्या पाडून व आंतून फळ्या मारून राहण्याजोगा केलेला. आम्ही स्त्रीवर्गासह तीं पाहावयास गेलों तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, “यांत माणसें ठेवावयाचीं कीं धान्य?”

या जहाजी खोक्याचा इतिहास मौजेचा आहे. मालकम मॅक्लीन नांवाच्या एका अमेरिकन माल-वाहतूकदारानें २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ खोकीं चढवून नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनला रवाना केलीं. माल एकेक उचलून चढविण्याऐवजीं खोकेंच उचलावें, ही त्यांतील सारी युक्ति. पुढें जगभर मापें ठरलीं. लहान खोकें वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. आमच्याकडे १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून हीं खोकीं महामार्गानें जातांना पोरांसही ओळखीचीं झालीं. समुद्रावर उपयोग संपला कीं तीं जमिनीवर येतात. कोणी त्यांत दुकान थाटतो, कोणी चौकीदार बसवितो, आणि कोणी आमच्यासारखा देव मांडतो.

अण्णांस मात्र कंटेनर हा शब्द तोंडांत घेणें नको होतें. त्यांची समजूत पटावी म्हणून आम्हीं अथर्ववेदाचा आधार काढला. नवव्या कांडांतील तिसरें सूक्त हें शालेचें, म्हणजे घराचें सूक्त आहे. त्यांत घराच्या गांठी व बंध सोडविण्याचें वर्णन असून शेवटीं शेवटीं ऋषि त्या घरासच उद्देशून सांगतो कीं, तुझा भार हलका होवो, वधूला न्यावें तसें आम्ही तुला इच्छा होईल तेथें नेऊं. बांबू, गवत व दोर यांचें तें घर उचलून नेतां येत असावें, असाच याचा सरळ अर्थ दिसतो. त्याच सूक्तांत अग्निशालेचाही उल्लेख आहे. अण्णांनीं पुस्तक हातीं घेऊन तें दोनदां वाचलें आणि म्हणाले, “ठीक. पण त्यांच्या घरास गवत होतें. तुझ्या घरास पत्रा आहे.” या आक्षेपाचें मर्म आमच्या ध्यानीं यावयास तेरा महिने लागले.

वास्तविक चालतें घर आपल्याकडे अपूर्व नाहीं. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें चटया, बांबू व पाचट यांची कोपी उभारतात आणि हंगाम संपला कीं मोडून परततात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूस हजारों लोक कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिले. त्यांच्या मानानें आमची अडचण ती काय! विहिरीवर मोटर, अंगणांत दिवा, शेजारीं किराणा. तेव्हां तक्रारीचा सूर सोडून दुरुस्तीकडे वळतों.

पहिला पावसाळा २०२४ चा. वसईचा पाऊस वाचकांनीं ऐकलेला असेल. २०१८ च्या जुलैंत त्यानें रेल्वेचे रूळ बुडवून सारा तालुका तोडला होता. आमच्या केबिनींत तिसऱ्याच रात्रीं देवांच्या फडताळावर थेंब पडूं लागला. मास्तरकी रक्तांत असल्यानें आम्हीं शिडी लावून थेंबाच्या नेमक्या वरच्या जागीं मसाला भरला. दुसऱ्या रात्रीं थेंब तेथेंच. मग शेजारच्या गाळ्यांतील वेल्डरास बोलाविलें. हा जौनपूरकडील तरुण, बोलणें अर्धें हिंदी, अर्धें मराठी; आम्हांस ‘गुरुजी’ म्हणतो. त्यानें छपरावर चढून चार हात पलीकडचा स्क्रू दाखविला. वरचा पत्रा व आंतली फळी यांमध्यें पोकळी असते. पाणी पत्र्यांतून एका जागीं शिरतें, लोखंडी पट्टीवरून वाहत जातें आणि फळीस जेथें सांधा मिळेल तेथें ठिबकतें. म्हणून केबिनीची गळती आंतून शोधूं नये, वरून शोधावी. एकानें छपरावर तांब्यातांब्यानें पाणी ओतीत खालून वर सरकावें व दुसऱ्यानें आंत बसून हांक द्यावी. कंटेनरची गोष्ट निराळी. जेथें त्यास फळ्या मारलेल्या नसतील तेथें भर दुपारीं दार बंद करून आंत काळोखांत बसावें, छिद्र असल्यास उजेडाचा टिंब आपोआप दिसतो.

दोष बहुधा पत्र्याचा नसून स्क्रूखालच्या रबरी वॉशराचा असतो. उन्हानें तें रबर दोनतीन वर्षांत कडक होऊन तडकतें. नवें घालतांना स्क्रू फार आवळला तर वॉशर बाहेर फुगून फाटतो, सैल ठेवला तर पाणी जातें; वॉशर किंचित् दबेल इतकेंच आवळावें. छिद्र बुजवावयास ‘वेल्डिंग मारून टाका’ असें आम्हीं वेल्डरास सुचविलें, तेव्हां त्यानें कानास हात लावला. आंत थर्मोकोल किंवा फोम भरलेला असेल तर ठिणगीसरशी तो पेट घेतो आणि बाहेरून कळतही नाहीं. त्यानें पत्र्याचें ठिगळ रिव्हेटांनीं बसवून कडेनें सीलंट भरलें. स्वतःचा धंदा बाजूस ठेवून खरा सल्ला देणारा कारागीर भेटणें हें भाग्य होय.

गंजाविषयीं थोडक्यांत. लोखंडी घर वरून गंजत नाहीं, बुडापासून गंजतें. तें जमिनीवर टेकवूं नये. चारही कोपऱ्यांखालीं व मध्यें काँक्रीटचे ठोकळे देऊन वीतभर उंच ठेवावें आणि खालून वारा खेळूं द्यावा. मुलें तेथें चेंडू, मांजरें पिलें आणि बायका पाटे ठेवतात. तें सारें काढून घ्यावें. गंज दिसतांच तारेच्या ब्रशानें खरवडून, पॉलिश पेपर फिरवून त्याच दिवशीं रेड ऑक्साइड लावावें. उद्यांवर टाकल्यास रात्रीच्या दंवानें उघडें लोखंड पुन्हां तांबूस होतें आणि सारी मेहनत फुकट जाते.

विजेविषयीं त्याहून थोडक्यांत, पण अधिक आग्रहानें. सबंध घरच लोखंडाचें असल्यामुळें एखाद्या वायरीचें आवरण कोठें घासलें गेलें तर भिंत, दार, कडी सर्वच ‘लागूं’ लागतात. म्हणून खोक्याच्या अंगास स्वतंत्र अर्थिंग हवें, आणि मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरास तुटणारें गळतीरक्षक बटण हवें. पहिल्या पावसाळ्यांत वहिनींस दाराच्या कडीस हात लावतांच मुंग्या आल्या, तेव्हां आम्हीं हें करून घेतलें. हें काम वायरमनचें आहे, गृहस्थानें स्वतः करावयाचें नव्हे.

आतां स्थलांतर. २०२४ च्या दसऱ्यानंतर नव्या घराच्या पायासाठीं केबिन हलवावी लागली. यारीस इकडे सर्व ‘हायड्रा’ म्हणतात. उचलण्यास अर्धा तास पुरतो. खरें काम ठेवतांना आहे. चार कोपरे एका पातळींत नसतील तर सांगाडा किंचित् पिळतो, आणि त्याचा पहिला पुरावा दार देतें. तें चौकटींत रुतूं लागतें. गवंड्यांची जुनी रीत येथें उत्तम. पारदर्शक नळींत पाणी भरून एक टोंक एका कोपऱ्यास व दुसरें दुसऱ्यास धरावें; दोन्हीकडील पाणी सांगेल ती पातळी खरी. आम्हीं ती नळी धरली होती. न्हाणीच्या बाजूचा कोपरा अर्धा इंच खालीं राहिला असें नळीनें सांगितलेंही. पण यारीवाल्यास दुसरीकडे जावयाची घाई होती, आम्हांस भूक लागली होती, आणि अर्धा इंच म्हणजे काय मोठें, असें म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. न्हाणीचें दार त्या दिवसापासून खांद्यानें ढकलून लावावें लागे. हा अर्धा इंच वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

जुन्या घरीं पाणी तापविण्यास आमच्या मातोश्रींच्या वेळचा तांब्याचा बंब होता. मागील दारीं, उघड्या पडवींत, करवंट्या व झावळ्या घालून तो पेटे आणि आठ माणसांचें स्नान उरकून भांडीं घासण्यापुरतें पाणी उरे. केबिनीपाशींही पहिलें वर्ष तो बाहेर छपरीखालीं चालला. स्थलांतरानंतर छपरीच्या जागीं सिमेंटच्या गोण्या आल्या आणि बंब गवताखालीं गेला. तेव्हां पुतण्यानें गॅसचा गीझर आणला. मिनिटास सहा लिटर पाणी देणारा, चिंचोळी पेटी, नळ सोडतांच आपोआप पेटणारा. बाहेर जागा नसल्यानें तो न्हाणींतच बसविला. बसविणाऱ्यानें ‘वरची झडप उघडी ठेवा’ असें बजावून सांगितलें होतें. पुढें जें घडलें त्यांत त्या माणसाचा काडीचाही दोष नाहीं, हें येथेंच नमूद करतों.

जानेवारी लागला. वालीवची थंडी ती केवढी, असें नाशिककर वाचक म्हणतील. परंतु लोखंडाच्या खोक्यांत तिचें रूप पालटतें. मातीची भिंत दिवसाची ऊब रात्रीपर्यंत जपून ठेवते, पत्रा ती तासाभरांत सोडून देतो. पहांटे भिंतींस हात लावला तर ओल. न्हाणींत तर फळ्यांवरून ओघळ येत. आमची अशी समजूत झाली कीं, झडपेंतून दंव आंत येतें आहे. पावसाळ्यांत गळती बंद केल्याचा अभिमान ताजा होता, मसाल्याची पुडी हाताशीं होती. संक्रांतीपूर्वीं आठवडाभर आम्हीं स्वतःच्या हातांनीं ती झडप प्लास्टिक लावून पक्की बुजविली, दाराखालच्या फटीसही रबरी पट्टी मारली आणि घरांत सांगितलें, “आतां कशी ऊब राहते पाहा.” ऊब राहिली खरी. ओल मात्र वाढली. कारण ती बाहेरून येतच नव्हती, स्नानाच्या व माणसांच्या श्वासाच्या वाफेची होती. हवा खेळती राहिली असती तर ती बाहेर गेली असती. भिंत आम्हांस दार उघडा म्हणून सांगत होती आणि आम्हीं तिचें ऐकून तें अधिक बंद केलें.

धाकटी नात त्या आठवड्यांत रोज सकाळीं ‘डोकें दुखतें’ म्हणूं लागली. आम्ही पस्तीस वर्षें मास्तर. शाळेच्या वेळेवर दुखणारीं डोकीं आम्हीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. तिची तक्रार आम्हीं हंसण्यावारीं नेली.

१३ जानेवारी २०२५, भोगीचा दिवस. सर्वांचीं डोक्यावरून स्नानें. अण्णा, आम्ही, वहिनी, आमचें कुटुंब, मुलें अशीं एकामागून एक झालीं. गीझर जवळजवळ तासभर चालू. सून शेवटीं गेली. केंस धुवावयाचे म्हणजे वेळ लागावयाचाच, म्हणून कोणी मनावर घेतलें नाहीं. वहिनी तिळाच्या भाकऱ्या करीत होत्या. त्यांच्याच ध्यानांत आलें कीं, पाण्याचा आवाज एकसारखा येतो आहे. तांब्याचा मात्र येत नाहीं. त्यांनीं हांक मारली. ओ नाहीं. आम्हीं दार ढकललें. तें आंतून लावलेलें, शिवाय चौकटींत रुतलेलें. पुतण्या कामावर गेलेला. अंगणांतील पहार आणून आम्हीं व बांधकामावरील दोन मजुरांनीं दार उचकटलें. त्यास किती वेळ लागला तें सांगतां येत नाहीं. अर्धा इंच रुतलेलें दार किती घट्ट असतें हें त्या वेळीं कळलें. सून भिंतीशीं कोसळलेली होती. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाहीं. वहिनींनीं तिच्यावर लुगडें टाकलें, सर्वांनीं तिला उचलून तुळशीपाशीं उघड्यावर आणून निजविलें, आणि एकानें १०८ क्रमांक फिरविला.

डॉक्टरांनीं तिला पाहतांच पहिला प्रश्न विचारला तो असा, “न्हाणींत गॅसचा गीझर आहे का?” त्यांस नवल वाटलें नाहीं, दर हिंवाळ्यांत अशीं माणसें येतात, आणि सगळींच वेळेवर येत नाहींत, असें ते म्हणाले. प्राणवायु लावल्यावर दोन तासांनीं तिनें आम्हांस ओळखलें. एक रात्र तेथें ठेवून घेतलें. त्यांनीं मुलांसही बोलावून तपासलें. नातीचें डोकें खरोखरीच दुखत होतें.

घडलें काय, तें वाचकांस समजावून सांगणें अवश्य आहे. गॅस पुरेशा हवेंत जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरचा गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या दुर्गंधामुळें नाकास कळतो. हा विषारी वायु मात्र त्या गॅसच्या जळण्यांतून निपजतो आणि नाकास चकवितो. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्याशीं प्राणवायु जुळतो, त्याशीं हा त्याच्या दोनशेंहून अधिक पट ओढीनें जुळतो. म्हणून माणूस श्वास घेत असतो, पण शरीरास प्राणवायु मिळत नाहीं. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, घेरी येते. मग पायांतील शक्ति जाते. दार उघडावें असें मनांत येईतों हात उठत नाहीं. साध्या हवेंत रक्तांतला हा विषार निम्म्यावर यावयास चारपांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु लावल्यास सुमारें सव्वा तास.

रुग्णालयाच्या बाकावर बसून आम्हीं एक त्रैराशिक मांडलें. दुसरें कांहीं सुचत नव्हतें. सहा लिटर पाणी दर मिनिटास पंचवीस अंशांनीं तापवावयास ताशीं सुमारें नऊशें ग्रॅम गॅस लागतो. एक किलो गॅस नीट जळावयास सुमारें तेरा घनमीटर हवा हवी. म्हणजे ताशीं सुमारें बारा घनमीटर. आमची न्हाणी पांच फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट उंच. तींत हवा सुमारें चार घनमीटर. बारास चारानें भागा. झडप बुजविलेल्या त्या न्हाणींतली सबंध हवा वीस मिनिटांत जाळून टाकील अशी ती पेटी, आणि ती तासभर चालू होती. मधून मधून माणसें बदलतांना दार उघडलें, म्हणूनच पहिलीं सहाजण सुटलीं. हें गणित सातवीच्या मुलास येतें. तें आम्हीं करावयास हवें होतें तें गीझर बसविण्याच्या दिवशीं, आणि फार तर झडप बुजविण्याच्या दिवशीं.

संध्याकाळीं घरीं आल्यावर अण्णा एवढेंच म्हणाले, “कौलांच्या घरांत मी साठ वर्षें शेगडी उशाशीं घेऊन निजलों.” तें खरें होतें, आणि म्हणूनच त्यांच्या खोलींतील कोळशाची शेगडी आम्हीं त्याच रात्रीं उचलून बाहेर नेली. कौलारू घर हजार फटींनीं श्वास घेतें. धूर, वाफ, विषार कौलांतून निघून जातो. त्या घरांत निर्धोक असलेली शेगडी या खोक्यांत काळ ठरते. ‘त्यांच्या घरास गवत होतें, तुझ्या घरास पत्रा आहे,’ हें त्यांनींच सांगितलें होतें. शेगडी गेल्यामुळें ते दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. नंतर त्यांच्या खोलीच्या पत्र्यास आंतून काचलोकरीचा थर व त्यावर फळी मारली, जमिनीवर घोंगडी अंथरली, आणि बंद तेलाचा विजेचा हीटर आणला. त्यांत जळणें नसल्यानें हवा खर्चीं पडत नाहीं. तरीही त्यांच्या खिडकीची वरची फळी दोन बोटें उघडी असते.

गीझर दुसऱ्याच आठवड्यांत न्हाणीबाहेर, भिंतीच्या पाठीमागें गेला. वर पत्र्याचें छप्पर, तीन बाजू मोकळ्या. आंत फक्त गरम पाण्याची नळी येते. सिमेंटच्या गोण्या हलल्या. आधीं त्या हलत नव्हत्या, असें आम्ही समजत होतों. न्हाणीस एक झडप वर व एक जाळी खालीं जमिनीलगत पाडली. खालून ताजी हवा येते, वरून वाफ जाते. जाळीस आम्हीं बाहेरून तांबडा रंग दिला आहे, म्हणजे कोणी शहाणा तीवर पोतें टांगणार नाहीं. दाराची कडी बाहेरून नाण्यानें फिरवितां येईल अशी घेतली. कोपऱ्याखालीं लोखंडी पट्टी सारून तो अर्धा इंच भरून काढला, आणि दार एका बोटानें लागूं लागलें. कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारें एक लहान यंत्र मिळतें, तेंही मुलांच्या खोलींत लावलें आहे.

बाहेर असला तरी गीझरची निगा राखावीच लागते. ज्योत निळी असली पाहिजे. ती पिवळी होऊन हेलकावे घेऊं लागली कीं हवा कमी पडते किंवा जाळीवर काजळी बसली आहे, असें समजून कारागिरास बोलवावें. पाणी जड असेल तर आंतल्या तांब्याच्या नळींत क्षार धरतो, धार बारीक होते आणि पेटी वाजवीपेक्षां तापते. वर्षांतून एकदां ती साफ करवावी. रबरी नळी तारखेप्रमाणें बदलावी. आणि घर हललें कीं प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडा फुगला कीं तेथें गळती. काडी ओढून पाहणारे महाभाग अद्यापि आहेत म्हणून लिहितों.

हा प्रकार आम्हीं अमेरिकेंतील भाच्यास कळविला, तेव्हां त्याचें उत्तर आलें. तिकडे कारखान्यांत तयार होऊन चाकांवरून येणारीं घरें पुष्कळ. १५ जून १९७६ पासून त्यांच्या बांधणीस सबंध देशाचा एक कायदा लागू आहे, आणि १९८० सालापासून त्यांस कायद्यांत ‘फिरतें घर’ न म्हणतां ‘कारखानी घर’ म्हणतात. त्यांच्या भट्टीस हवा बाहेरून घेणारी व धूर बाहेर टाकणारी नळी असते. खोलींतील हवेस ती शिवत नाहीं. आपल्याकडे लडाखांत सोनम वांगचुक यांनीं २०२१ सालीं जवानांसाठीं उचलून नेण्याजोगा तंबू केला. दिवसाचें ऊन भिंतींत सांठवून तो रात्रीं ऊब देतो. बाहेर शून्याखालीं चौदा अंश असतां आंत पंधरा अंश राहिले, असें त्यांनीं तेव्हां जाहीर केलें होतें. विस्तवावांचून ऊब! अण्णांस हें वाचून दाखविलें. त्यांनीं चष्मा काढून विचारलें, “आणि स्नानाचें पाणी?”

स्नानाच्या पाण्यासाठीं त्यांचा बंब परत आला आहे. सूनबाईनेंच तो गवताखालून काढविला, चिंच लावून घासविला. नव्या घराच्या नकाशांत पुतण्यानें त्यास जागा ठेवली नव्हती. तिनें मागील दारीं, छपराखालीं पण भिंतींबाहेर, हातभर ओटा मागून घेतला. ती आतां पूर्ण बरी आहे. पहिले दोन महिने मात्र न्हाणींत जातांना दार लोटून घेई, कडी लावीत नसे, आणि वहिनी बाहेर कांहीं ना कांहीं निवडीत बसत. यावर घरांत कोणी चकार शब्द काढला नाहीं.

यारीवाला पुढील महिन्यांत पहिल्या सोमवारीं येणार आहे. त्याच्या आधीं सिलिंडर बंद करून नळी सोडवावयाची, तिच्या तोंडास बूच मारावयाचें, बंबांतील पाणी उपसावयाचें, देव वहिनींच्या मांडीवर द्यावयाचे. पातळीची नळी आम्हीं आजच धुवून ठेवली आहे. या खेपेस चारही कोपऱ्यांचें पाणी जुळल्याशिवाय यारीचे दोर सोडूं द्यावयाचे नाहींत, मग जेवणास संध्याकाळ होवो. साबणाच्या पाण्याची वाटी कोणी धरावयाची, यावरून मुलांत भांडण झालें. ती धाकट्या नातीस द्यावी असा निकाल आम्हीं दिला आहे.